गफूर पिंजाऱ्याची ओ

शहाद्याच्या पिंजारगल्लीत गफूरची थट्टा करायला फार काही लागत नसे. कोपऱ्याआड लपायचं आणि नुसतं ओरडायचं, "गफूरचाचा!" की आतून ताबडतोब ओ यायची. हातात काम कुठलंही असो. कमान कापसावर चालू असो, तोंडात घास असो, अंगाला साबण लागलेला असो, गफूर ओ देणार म्हणजे देणार. मग तो ओट्यावर यायचा, गल्लीत कोणी नाही हे पाहायचा आणि मुकाट आत जायचा. पुन्हा हाक आली की पुन्हा ओ. पोरांना या खेळाचा कंटाळा येई, गफूरला कधी आला नाही.

एकदा तर त्याने कहर केला. घरात नमाज पढत होता, बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि हा गृहस्थ "ओ" म्हणून मोकळा झाला. त्याच्या बायकोने, चांदबीने, कपाळाला हात लावला.

"अल्लाना समोर उभा ऱ्हाईसन गल्लीना पोऱ्यासले ओ देस? काय म्हनू तुमले!"

गफूरने पुन्हा हातपाय धुतले आणि नमाज पहिल्यापासून पढली.

लोक म्हणत, पिंजाऱ्याच्या डोक्यात कापूस गेलाय. हसणाऱ्यांचं काय जातं! त्यांच्यातला एकजणही तोरणमाळच्या धुक्यात रजई हातात धरून उभा राहिलेला नव्हता. गफूर राहिला होता, आणि त्याची सगळी हकिगत तिथूनच सुरू होते.

त्याचा धंदा कापूस पिंजायचा. दसरा झाला, नवा कापूस घरात आला की त्याची कमान वाजायला लागे ती थेट होळीपर्यंत. पावसाळ्यात मात्र हवा दमट, कापूस ओलसर आणि कमानीची तात, म्हणजे तिची दोरी, सैल. पिंजाऱ्याने तेवढे महिने माशा मारत बसायचं. त्या रिकाम्या दिवसांवर गफूरने एक तोड काढली होती. पाऊस सरता सरता, भादव्यात, तापीकाठची पाटील मंडळी तोरणमाळला हवा खायला निघत. हवा खायला असं म्हणायची पद्धत, खायच्या असत त्या पुऱ्याच. वर तलाव तुडुंब भरलेला, सीताखाईत धबधबे कोसळत असलेले, आणि गारठा असा की खालच्या माणसाची दातखीळ बसावी. तिथे रजया लागत. घरच्या चांगल्या रजया भिजवायला कोण नेणार? मग गफूर आपल्या न्यायचा. तट्टांवर लादून घाट चढवायचा, वर शेकोटीपाशी उलटसुलट करून वाळवायचा आणि मंडळी निघाली की पुन्हा खाली आणायचा. तट्टांचं सगळं त्याचा धाकटा भाऊ हारुन पाहायचा. विशीतला पोरगा, मिसरूड नुकतं काळं झालेलं, तट्टांशी बोलत बोलत घाट चढणारा.

वरचं रान सरकारने राखलेलं होतं, पण सरकारच्या कितीतरी आधीपासून डोंगरातल्या पावरा लोकांनी राखलेलं होतं. सीताखाईच्या वरच्या अंगाला एक पट्टा असा होता, की तिथे पावरा माणूस कामठ्याला तीर लावायचा नाही. जखमी जनावर त्या पट्ट्यात शिरलं की शिकारी मागे फिरे. त्यामुळे तिथली भेकरं माणसाला पाहून पळत नसत, मान वर करून बघत आणि पुन्हा चरायला लागत. उंबराखाली अस्वलाचे पंजे रोज ताजे सापडत. हे बघायला तर मंडळी एवढी वर चढत. परत आल्यावर वर्षभर सांगायला होत असे, आणि पाहिलेलं अस्वल दर सांगण्यागणिक वीतभर वाढे.

त्या रानाचा आणखी एक नियम होता. तो गफूर-हारुनला त्यांच्या आईने, बिस्मिल्लाने, लहानपणीच शिकवला होता. बिस्मिल्लाचं माहेर डोंगराच्या पायथ्याचं, त्यामुळे रानाचं सगळं तिला बोलता यायच्या आधी कळलं असावं.

"जंगलमा कोनी नाव लिसन हाक मारी, ते लगेच ओ देवू नही," ती सांगे. "दोन हाका जाऊ देवान्या. मानूस व्हई ते तिसरी मारी. दुसरं काही व्हई ते त्याले तिसरी मारता येस नही."

"आन् माय, मानूस घाईमा व्हई ते?" हारुन हसत विचारायचा. "तो कसाले तिसरी मारी? तो थांबी का?"

बिस्मिल्ला त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "थांबी. मानूस थांबस."

हारुन पाठ चोळत हसत राहायचा. गफूरला मात्र आईचं बोलणं हाडात मुरलेलं होतं. त्याचा स्वभावच तसा, सांगितलेलं मोडायचं नाही.

त्या भादव्यात धानोऱ्याचे चुडामण पाटील आपला बारदाना घेऊन वर गेले होते. पाटील मोठे शेतकरी, मनाने दिलदार, आवाजाने त्याहून मोठे. तलावाच्या वरच्या अंगाला पालं ठोकली होती. बायकांची चूल पेटली होती. गफूरची शेकोटी वेगळी, जरा बाजूला, आणि तिच्याभोवती दोऱ्या बांधून रजया टाकलेल्या. त्याच्या जोडीला वाटाड्या रेवजी बसलेला. रेवजी पावरा, गफूरच्याच वयाचा. आपल्या घरी तो पावरी बोले आणि गफूरशी बाजाराची अहिराणी. दोघांची दोस्ती पाच-सहा भादव्यांची होती.

दुपारी धुकं उतरलं. तिथलं धुकं येत नाही, असतंच, असं वाटावं इतकं गुपचूप येतं. आधी तलावाचा पलीकडचा काठ गेला, मग तलाव गेला, मग पालं गेली. बायकांचं बोलणं ऐकू येत होतं पण बायका दिसत नव्हत्या. तेवढ्यात एक तट्टू दावं तोडून निघून गेलं.

"मी त्याले लई येस, दादा," हारुन म्हणाला. "तू रजया पलटी ठेव. एक बाजू सादडी गयी."

रजईची एक बाजू खरंच भिजून सर्द झाली होती. गफूरने ती उलटली आणि मान वर केली तोवर हारुन धुक्यात शिरला होता. त्याच्या तोंडची शीळ थोडा वेळ ऐकू आली. मग तीही थांबली.

बऱ्याच वेळाने हाक आली.

"गफूरदादाऽ!"

हारुनशिवाय त्याला दादा म्हणणारं जगात कोणी नव्हतं. बाकीच्यांचा तो भाऊ होता, नाहीतर चाचा. गफूर अर्धा उठला. ओ त्याच्या जिभेवर आली होती. रेवजीने त्याचं मनगट धरलं.

"थांब. एक व्हयनी."

गफूर थांबला. आईने सांगितलेलं होतं, रेवजीनेही तेच सांगितलं. एवढ्या दोघांपुढे त्याचं स्वतःचं काय चालणार? रजई हातात तशीच होती. धुक्यातून पाणी ठिबकत होतं.

"गफूरदादाऽ!"

ही दुसऱ्याच बाजूने आल्यासारखी वाटली. खाईच्या कड्यांवर आवाज फिरतो, तो मग कुठूनही येतो. पण या खेपेला आवाज चढलेला होता, आणि हारुनच्या आवाजात एरवी जे हसू असायचं ते त्यात नव्हतं. गफूरने रेवजीकडे पाहिलं.

"दोन," रेवजी म्हणाला. त्याच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम आला होता. "आते तिसरी येऊ दे."

ते तिसरीची वाट बघत बसले. कुठेतरी मोर ओरडला. रजईचं टोक विस्तवावर गेलं आणि जळका वास सुटला, तो दोघांनाही आला नाही. तिसरी हाक आली नाही.

"गये ते," रेवजी म्हणाला आणि त्याने मनगट सोडलं.

आणि गफूरला बरं वाटलं. हे त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही, पण त्या क्षणी त्याला अगदी मनापासून बरं वाटलं होतं, मोठं संकट टळल्यासारखं. त्याने रजईचं जळकं टोक विझवलं, किटली उतरवली आणि पाटलांना चहा नेऊन दिला.

दिवस कलायच्या आधी तट्टू एकटंच परत आलं.

धुकं उठल्यावर ते शोधायला गेले तेव्हा चिखल सगळं सांगायला तयार होता. हारुनचे ठसे तलावाच्या बाजूने येऊन एका जागी थांबले होते. तिथे तो बराच वेळ उभा असावा. चिखल चहूबाजूंनी तुडवलेला होता, कधी या बाजूला तोंड करून, कधी त्या बाजूला. मग ठसे निघाले होते, घाईघाईने नाही, जपून, एकापुढे एक, आणि उंच गवतातून सीताखाईच्या काठावर संपले होते. धुक्यात वाट चुकलेला माणूस दुसरं काय करतो? हाक मारतो आणि जिकडून ओ येईल तिकडे चालू लागतो. ओ आली नाही, म्हणून हारुनने आपल्या मनाने दिशा धरली. रेवजी त्या ठशांपाशी उकिडवा बसला तो उठेचना.

दुसऱ्या दिवशी पावऱ्यांनी खाईत उतरून हारुनला झोळीतून वर आणलं. गफूरने ज्या तट्टांवर रजया चढवल्या होत्या त्यातल्याच एकावरून त्याला घरी आणलं.

बिस्मिल्ला रडली नाही. दफन झालं, माणसं पांगली, तेव्हा तिने गफूरला जवळ बसवून एकच गोष्ट विचारली.

"गफूर, त्यानी हाक मारी व्हती का रे?"

तिने हे का विचारलं ते गफूरला तिच्या डोळ्यांत पाहताच कळलं. नियम तिचा होता. हो म्हटलं तर तिच्या पोराला तिच्याच शब्दाने मारलं असं झालं असतं. गफूर जन्मात आईशी खोटं बोलला नव्हता.

"नही, माय. पाय घसरना त्याना."

बिस्मिल्लाने मान हलवली. तिला ते पटलं नाही हे दोघांनाही कळलं. त्या संध्याकाळी गफूर दाराला कडी घालायला उठला तेव्हा ती म्हणाली, "कडी नको लाऊ." का, ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्या घराच्या दाराला कडी लागली नाही. नुसतं लोटलेलं असे. मांजरं दूध पिऊन जात, एकदा कुत्रं येऊन चुलीपाशी झोपलं, चांदबी कुरकुरली, पण म्हातारीपुढे कोणाचं चाललं नाही. वारा सुटला की दार आपोआप थोडं उघडे. तेव्हा घरातले तिघंही जेवता जेवता थांबत आणि दाराकडे बघत.

प्रश्नही थांबला नाही. ईदेला शेवया वाढताना, औषधाची पुडी घेताना, एखाद्या साध्या दुपारी कापसातल्या सरक्या निवडताना बिस्मिल्ला मध्येच हात थांबवायची.

"त्यानी हाक मारी व्हती का रे?"

"नही, माय."

गफूरला वेड लागलं असं लोक म्हणत ते या दिवसांतलं. हारुनचा चाळिसावा झाला आणि तो हाकेला ओ द्यायला लागला. कुठल्याही, कोणाच्याही. बाजारात कोणी दुसऱ्याच गफूरला हाक मारली तरी हा ओ द्यायचा. एकदा ओ दिली की त्याचा जीव क्षणभर खाली पडायचा, म्हणून तो देत सुटला. आणि त्याची कमान बदलली. पिंजाऱ्याची कमान कशी एका लयीत चालू राहते, त्यालाही गुंगी यावी आणि ऐकणाऱ्यालाही. गफूरची दोनदा वाजे आणि थांबे. दोनदा वाजे आणि थांबे. तातीवर मारायचा लाकडी ठोका हातात उचलून धरून तो कान देऊन बसायचा. गिऱ्हाईकांना वाटे, दम खातोय. शेजाऱ्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली की गल्लीत दहा पिंजारी असताना भिंतीपलीकडून गफूरची कमान ओळखू यायची. ऐकताना उगाच अंगावर काटा यायचा म्हणत, पण का ते त्यांना सांगता येत नसे.

तोरणमाळला तो पुन्हा गेला नाही. भादवा आला की पाटील मंडळींचे निरोप येत, हा तोंड फिरवी. रजया पेटीत पडून राहिल्या.

अशी नऊ वर्षं गेली. बिस्मिल्लाने अंथरूण धरलं. त्या साली पाऊस सरायला आला तेव्हा चुडामण पाटील स्वतः बैलांची दमणी जोडून गफूरच्या दारात उतरले. त्यांच्या धाकट्या सुनेला, प्रमिलाबाईला, हिवतापाने महिनोन्महिने पिळून काढलं होतं.

"गफूर, यंदा तुले येनंच पडी," पाटील म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच गल्लीभर पोचणारा. "सून आत्तेच तापमाईन उठेल शे. वैद्य म्हनस, डोंगरनी हवा द्या. वरना गारठामा तिले तुन्ह्या रजयास्शिवाय कशी ठेवू?"

"माले जमाव नही, पाटील," गफूर म्हणाला. "माय आजारी शे."

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला. क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते.

"गफूर, त्यानी हाक मारी व्हती का रे?"

नऊ वर्षं ठरलेलं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. त्याने तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं नाही. पाटील त्याच्याकडे बघत राहिले. म्हातारी आत उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्याजवळ आता फार वाट बघायला वेळ उरला नव्हता. तिला काही सांगायचं असेल तर आधी एकदा तिथे जाऊन आलं पाहिजे, असं गफूरला वाटलं. का वाटलं, हे त्याला पाटलांनी दरडावून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"येसू मी," तो म्हणाला आणि पेटी उघडायला आत गेला.

घाट तोच होता. रेवजी वर वाट बघत उभा होता. त्याचे केस पांढरे झाले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. रेवजीने शेकोटीसाठी लाकडं आणून टाकली ती नेमकी जुन्याच जागी. गफूरने दोऱ्या बांधून रजया टाकल्या.

पहिला दिवस लख्ख गेला. प्रमिलाबाई रजई पांघरून तलावाकाठी बसली होती आणि पलीकडच्या काठावर पाणी प्यायला आलेलं भेकर आणि त्याचं पाडस बघत होती. पोर हडकली होती, पण ते पाडस धडपडलं तेव्हा हसली. तिच्या सासऱ्याला त्या हसण्याचं कोण कौतुक! पाटलांनी लगेच सगळ्या पालांना ओरडून सांगितलं आणि भेकरं पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, पाटील आडवे झाले, त्यांचा मुलगा गड्यांबरोबर लाकडं बघायला गेला. बायकांना वाटलं प्रमिलाबाई पालात निजलीय. आणि धुकं उतरलं. आधी पलीकडचा काठ, मग तलाव, मग पालं.

गफूर रजई उलटत होता. रेवजी समोर बसला होता. दोघांनाही ठाऊक होतं की आपण काय ऐकायला बसलोय, आणि दोघंही विस्तवाकडे बघत होते. गफूरच्या मनात आलं, उठावं आणि पाटलांच्या पालात माणसांत जाऊन बसावं. त्याला भीती वाटत होती.

"गफूरदादाऽ!"

रेवजीचा हात मांडीवरून उचलला गेला. गफूरने तो पाहिला. हात तसाच हवेत राहिला आणि मग हळूच मांडीवर परत गेला.

"ओऽ!" गफूर ओरडला.

विचार करून नाही. नऊ वर्षं गल्लीतल्या पोरांनी त्याच्याकडून ती घोटून घेतली होती, ती आपसूक बाहेर पडली. त्याने रजई टाकली आणि तो धुक्यात शिरला. पुन्हा हाक आली नाही. पण याची ओ थांबेना. एकेका झाडाला हात लावत, ओल्या गवतातून पाय ओढत तो चालला होता आणि दर दोन पावलांना ओ देत होता. आपण कोणाला ओ देतोय याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"ओ, हारुन! आठे शे मी! आठे ये, भाऊ, मन्हा आवाजवर ये! ओऽ!"

धुक्यात बांगड्या वाजल्या.

गफूर जागच्या जागी थिजला. मग धुकं जरासं हललं आणि त्याला लुगड्याचा काठ दिसला. प्रमिलाबाई गवतात उभी होती, पुतळीसारखी, एक पाय पुढे आणि अंग मागे. तिच्या पुढच्या पायाखालून एक दगड सुटला. तो कुठे पडला त्याचा आवाज आलाच नाही.

"बाई, मांगे सरका," गफूर हळू आवाजात म्हणाला. "मन्हाकडे. हां, अश्या."

ती सरकली. परक्या बाईचा हात धरायचा कसा, म्हणून त्याने डोक्याचा रुमाल सोडून त्याचं एक टोक तिच्याकडे टाकलं. तिने ते दोन्ही मुठींत धरलं. चांगल्या अंतरावर आल्यावर ती मटकन खाली बसली.

"ते पाडस इकडे उनं," ती सांगायला लागली. तिचे दात वाजत होते. "त्याना मांगे मी उनू, आन् मंग काहीच दिखेना. पाल या आंगे व्हई म्हनीसन मी पाय उचला, आन् तुम्हनी ओ ऐकू उनी मांगून. मंग समजनं, मानसं मांगे शेत. पाय तठेच थांबाडा."

"चांगलं करं बाई, हाक मारी ते," गफूर म्हणाला.

प्रमिलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "मी कोठे हाक मारी?"

"मारी ना तुम्ही?"

"कोनले मारू? मामंजीसनं नाव लेता येस नही. धनीनं नाव लेता येस नही. आन् तुम्हनं नाव माले कोठे ठावकं? आम्ही बाया तुमले रजईवाला म्हनतस." तिने मान हलवली. "तोंडमाईन शबुद निंघना नही, भाऊ. मी गप उभी व्हती."

गफूरने मागे वळून पाहिलं. खाईच्या बाजूला धुकंच धुकं होतं, ते संथपणे वर चढत होतं. तो तिथेच ओल्या गवतात बसला आणि रडला. पुरुषाने परक्या बाईसमोर रडू नये वगैरे सगळं त्याला माहीत होतं. तो हमसून हमसून, नाकातोंडातून पाणी येईतो रडला, आणि प्रमिलाबाई रुमालाचं टोक न सोडता त्याच्या शेजारी बसून राहिली.

पालांपाशी एकच गलका झाला. पाटील सुनेला पाहून धाय मोकलून रडले, मग गफूरला मिठी मारली, मग बायकांवर ओरडले. त्या गोंधळातून सुटून गफूर आपल्या शेकोटीपाशी आला. टाकलेली रजई रेवजीने उचलून दोरीवर नीट पसरली होती.

"कोनती व्हती?" रेवजीने विचारलं.

"तिसरी."

रेवजीने एक लाकूड विस्तवात सारलं. "मन्ही बी मोजनी चालूच व्हती," तो म्हणाला. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि त्याने ते पुसलं नाही.

गफूर शहाद्याला घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. चांदबी कंदिलाची काच पुसत होती. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. तो रजया ओट्यावर टाकून तसाच आत गेला आणि आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसला. बिस्मिल्लाने डोळे उघडले. तिने विचारायच्या आधीच तो बोलला.

"माय, हारुननी हाक मारी व्हती."

कंदील पेटवता पेटवता चांदबीचा हात थांबला.

"कितल्या?" बिस्मिल्लाने विचारलं.

"तवय दोन मारी व्हत्या."

"आन् तू थांबना." म्हातारीचा आवाज कापला. "मी सांगेल व्हतं म्हनीसन थांबना."

गफूरने आईचा हात आपल्या डोक्यावर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तिसरी परवा मारी, माय," तो म्हणाला. "तठेच. धुईमा. मन्हं नाव लिसन, दादा म्हनीसन."

बिस्मिल्ला दचकली नाही. तिची बोटं गफूरच्या केसांत हळूहळू फिरायला लागली.

"थांबना व्हता मन्हा पोऱ्या," ती म्हणाली. "मानूस थांबस." आणि जराशाने, "मंग तू ओ दिधी का?"

"दिधी, माय. लगेच दिधी."

"मंग त्याले वाट सापडनी व्हई." तिने कूस बदलली आणि दाराकडे पाठ केली. नऊ वर्षांत ती अशी कधी निजली नव्हती. "कडी लाव आते. गारठा येस."

चांदबीने नवऱ्याकडे पाहिलं. गफूर उठला आणि दाराशी गेला. बाहेर गल्ली रिकामी होती. त्याने दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. कडी गंजून गेली होती, ती कोयंड्यात बसवायला त्याला दोन्ही हात लावावे लागले.